जुना लँडलाइनचा फोन नव्या फायबरवर: घरातल्या वायरिंगला इंटरनेट फोन अडॅप्टर जोडताना

गिरगाव, दादर, पार्ले, मुलुंड, कुठल्याही जुन्या इमारतीतलं घर घ्या. टेलिफोनची वायर दाराच्या चौकटीवरून आत येते, हॉलमधल्या रोझेटला, म्हणजे भिंतीवरच्या फोनच्या डबीला, लागते आणि तिथून बेडरूममध्ये जाते. फायबर आलं की बाहेरची तांब्याची जोडी निकामी होते, पण घरातली वायर आणि तिच्यावरचे दोन-तीन फोन ठणठणीत असतात. फोनचा आवाज इंटरनेटवरून नेणारा-आणणारा छोटा अडॅप्टर मध्ये लावला की हेच फोन त्याच जागी इंटरनेटवर चालवता येतात. आजी-आजोबांना नवं काही शिकावं लागत नाही: रिसीव्हर उचलायचा, टोन ऐकायचा, नंबर फिरवायचा.

बहुतेक जण इथे थेट सेटिंगमध्ये शिरतात आणि दोन दिवस घालवतात. अडचण निम्म्याहून जास्त वेळा वायरमध्येच असते, म्हणून आधी वायर.

तुमच्याकडे नेमकं काय आहे

फायबर कंपनीच्या बॉक्सला, म्हणजे ओएनटीला, मागे टेलिफोनच्या पिनचं छोटं भोक असेल आणि प्लॅनमध्ये फोन असेल, तर अडॅप्टर त्या बॉक्सच्या पोटातच आहे. सिपची, म्हणजे इंटरनेटवरून फोन जोडण्याच्या पद्धतीची, माहिती कंपनीच भरते आणि ती बहुधा कुलूपबंद असते. तुमचं काम वायरिंगपुरतंच.

कुठल्याही इंटरनेट जोडणीवर वेगळ्या परवानाधारक कंपनीचं सिप खातं घेतलं असेल, तर स्वतंत्र अडॅप्टर लागतो. ग्रँडस्ट्रीमचा एचटी८०१ एका फोनसाठी, एचटी८०२ दोन वेगळ्या लाइनींसाठी. लॅमिंग्टन रोडवर 'एटीए' म्हणून मागा. नुसतं 'व्हॉइप बॉक्स' म्हटलंत तर दुकानदार काहीही पुढे करेल.

तांब्याची लाइन अजून जिवंत आहे आणि ती व इंटरनेटची लाइन दोन्ही एकाच फोनवर हव्यात, तर एचटी८१३ सारखा अडॅप्टर घ्यावा लागतो. त्यात एक एफएक्सएस आणि एक एफएक्सओ पोर्ट असतो.

हे दोन शब्द नीट लक्षात ठेवा. एफएक्सएस पोर्ट टोन, वीज आणि रिंग देतो, त्यात फोन लागतो. एफएक्सओ पोर्ट ते सगळं घेतो, त्यात एक्स्चेंजची लाइन लागते. एचटी८०१ आणि ओएनटीचे फोन पोर्ट एफएक्सएस असतात. त्यात एक्स्चेंजची जिवंत लाइन लावली की दोन वीजपुरवठे एकमेकांवर आदळतात. एक्स्चेंजकडून सुमारे ४८ व्होल्ट डीसी कायम येत असतात आणि रिंगच्या वेळी त्यावर ७५ व्होल्टच्या आसपास एसी चढतो. पहिल्या येणाऱ्या कॉललाच पोर्ट जळू शकतो.

जुना नंबर टिकवायचा असेल तर आधी त्याच कंपनीकडे तांब्यावरून फायबरवर बदलीचा अर्ज करा. बदली पूर्ण झाल्याचं कळेपर्यंत तांब्याची लाइन सरेंडर करू नका.

बाहेरची जोडी तोडणं

हत्यारं थोडकी लागतात: मल्टिमीटर, छोटा स्क्रू ड्रायव्हर, वायर सोलायची पक्कड, इन्सुलेशन टेप, नवा रोझेट आणि दोन्ही टोकांना पिन असलेली टेलिफोनची दोरी. जिन्याखालच्या सोसायटीच्या टॅग ब्लॉकला, म्हणजे सगळ्या घरांच्या तारा जोडलेल्या पट्टीला, हात लावू नका. तिथे शेजाऱ्यांच्या लाइनी असतात आणि चुकीची जोडी ओढली तर तिसऱ्या मजल्यावरचा फोन बंद पडतो. तोडायचं ते आपल्या घरात, पहिल्या रोझेटवर.

रोझेट उघडलं की एका स्क्रूखाली बहुधा दोन-दोन तारा दिसतात, एक बाहेरून आलेली आणि एक बेडरूमकडे जाणारी. सगळ्या सोडवा आणि जोड्या वेगळ्या करा. मल्टिमीटर २०० व्होल्ट डीसीवर ठेवून प्रत्येक जोडी मोजा. ४५ ते ५२ व्होल्ट दिसले तर ती बाहेरची, आणि ती जिवंत आहे. दोन्हीकडे शून्याच्या जवळपास असेल तर बाहेरची लाइन मेली आहे. मग अडॅप्टरची दोरी एकेका जोडीला लावून पाहा. जिच्यावर बेडरूमच्या फोनला टोन येतो ती आतली.

बाहेरच्या जोडीच्या दोन्ही तारा सोडवा आणि प्रत्येकीला वेगळी टेप लावा. एकच तार सोडून भागत नाही. दुसरी तार पावसाळ्यात ओल्या भिंतीतून जमिनीशी जोडली जाते आणि फोनमध्ये सतत घुमणारा आवाज येतो.

मुंबईत आणखी एक सापळा आहे: सोसायटीचा इंटरकॉम. वॉचमनच्या केबिनमधून येणारी इंटरकॉमची जोडी पुष्कळदा टेलिफोनच्याच चार-तारी केबलमधून आणलेली असते आणि तिच्यावर ईपीएबीएक्सचे, म्हणजे इंटरकॉमच्या छोट्या एक्स्चेंजचे, स्वतःचे व्होल्ट असतात. मेलेल्या लाइनीच्या शेजारी जिवंत जोडी सापडली तर ती इंटरकॉमची असण्याचा संभव मोठा. गेटवरून फोन करायला सांगा. रिंगच्या वेळी ती जोडी बोलते का ते मीटर एसीवर ठेवून बघा. उघड्या तारा त्या वेळी हातात धरू नका, झटका बसतो. ही जोडी अडॅप्टरपासून पूर्ण वेगळी राहिली पाहिजे.

आता आतल्या वायरिंगची तब्येत. सगळे फोन काढून घ्या आणि आतल्या जोडीच्या दोन तारांमधला रोध मोजा. मीटरने काहीच दाखवलं नाही किंवा मेगाओहम दाखवले तर उत्तम. ५० किलोओहमच्या खाली आकडा आला तर कुठेतरी गळती आहे. बहुतेक वेळा बाल्कनीजवळच्या किंवा बाथरूमच्या भिंतीवरच्या रोझेटमध्ये हिरवा गंज चढलेला असतो. तो रोझेट घासत बसू नका, बदलून टाका. जुनं ब्रॉडबँड तांब्यावर होतं त्या काळचा स्प्लिटर किंवा फिल्टर मध्ये असेल तर तोही काढून टाका.

जोडणी

बाहेरची जोडी तुटली की पुढचं सोपं आहे. अडॅप्टरच्या फोन पोर्टमधून निघणारी दोरी घरातल्या कुठल्याही रोझेटच्या सॉकेटमध्ये खोचा. टोन तिथून मागे सगळ्या घरात पसरतो. राउटर बेडरूममध्ये असेल तर हॉलपर्यंत नवी वायर ओढायची गरज नाही. त्याच सॉकेटवर फोनही हवा असेल तर दोन तोंडी टी-जोड लावा. पिनच्या मधल्या दोन तारांवरच काम चालतं, सहसा लाल आणि हिरवी. रंग उलटे झाले तरी आजचे बटणांचे फोन चालतात.

किती फोन लावावेत? घंटी वाजवण्याची ताकद मर्यादित असते आणि ती आरईएन या आकड्यात मोजतात. जुन्या घंटीवाल्या फोनचा भार साधारण १ असतो, आधुनिक फोनचा त्याहून कमी. अडॅप्टरवर काहीही लिहिलेलं असलं तरी तीन फोनांपर्यंत थांबलेलं बरं. भार वाढला की अडॅप्टरला वाटतं रिसीव्हर उचलला, आणि एकदाच 'टिंग' होऊन कॉल तुटतो.

फिरती चकती असलेला फोन लावायचा असेल तर अडॅप्टरमध्ये पल्स डायलिंगची, म्हणजे चकतीचे ठोके ओळखण्याची, सोय आहे का ते घेण्याआधी विचारा. ओएनटीच्या पोर्टवर अशा फोनला टोन येतो, कॉल घेता येतात, पण नंबर फिरवलेला बहुधा कळत नाही.

एचटी८१३ वापरताना बाहेरची जोडी 'लाइन' पोर्टला आणि आतलं वायरिंग 'फोन' पोर्टला. दोन्ही जोड्या घरात कुठेही एकमेकींना भेटता कामा नयेत. अडॅप्टर दुसऱ्या खोलीत असेल तर दोन पिळलेल्या जोड्यांची केबल ओढा, एक जोडी बाहेरची लाइन आणायला, दुसरी टोन परत न्यायला. सपाट चार-तारी दोरीने हे करू नका, एका लाइनीचं बोलणं दुसरीत झिरपतं.

अडॅप्टरची सेटिंग

अडॅप्टर लॅनच्या वायरने राउटरला जोडा आणि दोन मिनिटं थांबा. जोडलेल्या फोनवर तीनदा स्टार दाबा, आवाजी मेनू सुरू होतो. मग ०२ दाबलं की ग्रँडस्ट्रीमचा अडॅप्टर आपला आयपी पत्ता इंग्रजीत वाचून दाखवतो, समजा १९२.१६८.१.२३. तो संगणकाच्या ब्राउझरमध्ये टाका. नव्या अडॅप्टरचा पासवर्ड खालच्या स्टिकरवर छापलेला असतो. जुन्यावर तो 'अ‍ॅडमिन' असा सर्वांना ठाऊक असलेला असतो, तो लगेच बदला. राउटरमध्ये या अडॅप्टरसाठी तोच पत्ता राखून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी शोधावा लागणार नाही.

सिपच्या पानावर कंपनीने दिलेला सर्व्हर, युजर आयडी, ऑथेंटिकेशन आयडी आणि पासवर्ड भरा. आयडी दोन असतात आणि काही कंपन्या ते वेगवेगळे देतात. नोंदणी होत नाही तेव्हा पहिला संशय इथे घ्या. मग पुढच्या गोष्टी बघा:

कोडेकमध्ये, म्हणजे आवाज आकड्यांत बदलण्याच्या पद्धतींत, पहिला पर्याय पीसीएमए, म्हणजे जी.७११ ए-लॉ. भारतातलं टेलिफोनचं जाळं ए-लॉवर चालतं, तर अडॅप्टर बहुधा अमेरिकी पीसीएमयू पहिला ठेवून येतो. एका कॉलला प्रत्येक दिशेने सुमारे ८७ किलोबिट लागतात. फायबरवर हे काहीच नाही.

डीटीएमएफ, म्हणजे दाबलेल्या बटणांचे टोन, पाठवण्याची पद्धत आरएफसी २८३३ ठेवा. बँकेच्या फोनवर 'मराठीसाठी दोन दाबा' म्हटल्यावर दोन दाबलं तरी पुढे जात नसेल, तर हेच तपासा. दोन-दोन पद्धती एकदम चालू असतील तर एकच आकडा दोनदा जातो.

कीप-अलाइव्ह, म्हणजे वाट उघडी ठेवायला सर्व्हरकडे अधूनमधून जाणारा छोटा निरोप, दर २० ते ३० सेकंदांनी. मुंबईत गल्लीतल्या केबलवाल्याकडून इंटरनेट घेतलं असेल तर तुमचा इंटरनेटवरचा पत्ता बहुधा शेकडो घरांमध्ये वाटलेला असतो. थोडा वेळ काही हालचाल दिसली नाही की त्याचं यंत्र वाट बंद करतं. परिणाम असा की तुम्ही फोन लावू शकता, पण आलेले फोन पोचत नाहीत. राउटर बंद-चालू केला की काही मिनिटं सगळं सुरळीत, मग पुन्हा तेच.

राउटरमधलं सिप एएलजी बंद करा. मदत म्हणून बनवलेली ही सोय सिपचे निरोप अर्धवट बदलते आणि घोळ घालते. एका बाजूचा आवाज जातो पण दुसऱ्या बाजूचा जात नाही, हे तिचं नेहमीचं लक्षण. कॉल दर वेळी ठीक ३२ सेकंदांनी तुटत असेल तर कारण जवळचंच आहे: फोन उचलल्याची पोच समोरच्या सर्व्हरपर्यंत जात नाही आणि सिपचा ठरलेला वेळ संपतो. वायर बदलून हे कधीच सुटणार नाही.

टोन भारतीय करून घ्या. देशांच्या यादीत भारत असेल तर तेवढंच निवडा. नसेल तर हाताने भरा. डायल टोन ४०० हर्ट्झ, २५ हर्ट्झने हलणारा, सलग. समोर रिंग जातानाचा टोन तोच, ०.४ सेकंद चालू, ०.२ बंद, ०.४ चालू, २ सेकंद बंद. एंगेज टोन ४०० हर्ट्झ, ०.७५ चालू, ०.७५ बंद. वयस्क माणसांसाठी हे जरूर करा. अमेरिकी टोन ऐकून 'लाइन खराब आहे' म्हणत ते रिसीव्हर ठेवून देतात.

कॉलर आयडी दिसत नसेल तर पद्धत बदलून बघा. आपल्याकडचे बरेच जुने डिस्प्ले फोन रिंगच्या आधी येणारा डीटीएमएफ नंबर वाचतात, काही एफएसके या दुसऱ्या पद्धतीचा. प्रतिध्वनी येत असेल तर इम्पीडन्स ६०० ओहम आहे ना ते पाहा.

नंबर कसे फिरवायचे: डायल प्लॅन

डायल प्लॅन, म्हणजे कुठला नंबर किती अंकांनी पूर्ण होतो हे अडॅप्टरला सांगणारे नियम, न भरता सोडला तर शेवटचा आकडा दाबल्यावर चार-पाच सेकंद शांतता असते आणि लोकांना वाटतं फोन लागलाच नाही. भारतातले नंबर बांधीव असल्यामुळे ही वाट पाहणं बहुतांश टाळता येतं.

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना पुढे शून्य लावावं लागतं. म्हणजे मोबाइल ११ अंकी. एसटीडी कोड आणि स्थानिक नंबर मिळून नेहमी १० अंक होतात, त्यामुळे शून्यासह तेही ११. म्हणून पहिला नियम असा: ० ने सुरू होणारा, दुसरा अंक ० नसलेला नंबर ११ अंक होताच पाठवा. दुसरा नियम: २ ते ६ ने सुरू होणारे ८ अंक म्हणजे मुंबईचा स्थानिक नंबर, त्याच्या पुढे ०२२ आपोआप लावून पाठवा. हा नियम फार कामाचा आहे, कारण तुम्ही मुंबईत बसला आहात हे इंटरनेटच्या अडॅप्टरला माहीत नसतं. ०२२ शिवाय नुसते ८ अंक बऱ्याच कंपन्यांचे सर्व्हर नाकारतात. तिसरा: १००, १०१, १०२, १०८, ११२ हे तीन अंक होताच पाठवा. बाकी १ ने सुरू होणारे, उदाहरणार्थ १९३० किंवा १८०० चे नंबर, चार सेकंद थांबून. परदेशासाठी ०० ने सुरू होणारा नंबर कितीही लांब चालेल, शेवटी हॅश दाबून पाठवायचा.

११२ बद्दल एक गोष्ट गांभीर्याने घ्या. सगळ्या सिप सेवा आणीबाणीचे नंबर जोडत नाहीत, आणि जोडले तरी तिकडे तुमचा खात्यावरचा नोंदलेला पत्ता दिसतो. घर बदललं असेल तर कंपनीकडे पत्ता बदलून घ्या, आणि घरात एक मोबाइल चार्ज केलेला ठेवा.

तांब्याची लाइन आणि इंटरनेट एकत्र

एचटी८१३ मध्ये फोन उचलला की इंटरनेटचा टोन येतो, आणि *०० दाबलं की तांब्याच्या लाइनीचा. तांब्यावर आलेला कॉल घरच्या फोनवर वाजण्यासाठी लाइनीची रिंग एफएक्सएसकडे सोडण्याचा पर्याय 'होय' हवा. वीज गेली की आतला रिले फोन सरळ तांब्याला जोडतो, ही या अडॅप्टरची सगळ्यात मोलाची सोय.

दोन धोके मात्र आहेत. एक, ठरावीक रिंगांनंतर अडॅप्टर स्वतःच लाइन उचलून फोन करणाऱ्याला इंटरनेटचा टोन देतो का, ते तपासा. तसं असेल तर कुणीही तुमच्या नंबरावर फोन करून तुमच्या खर्चाने बाहेर कॉल लावू शकतो. ही सोय बंद करा, किमान पिन लावा. दोन, समोरच्याने फोन ठेवला हे अडॅप्टरला एंगेज टोनवरून ओळखावं लागतं. तिथे ४०० हर्ट्झ आणि ०.७५-०.७५ हे आकडे भरले नाहीत तर तो लाइन सोडतच नाही आणि तुमचा नंबर तासन् तास एंगेज लागतो.

कायद्याचंही बघा. २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्यांत बदल केल्यापासून परवानाधारक कंपन्या इंटरनेट टेलिफोनी देऊ शकतात आणि तशी सेवा घरच्या फोनवर घेण्यात काही गैर नाही. पण परदेशातून इंटरनेटवर आलेला कॉल एफएक्सओ पोर्टमधून मुंबईच्या लाइनीवर सोडणं हे बेकायदा एक्स्चेंज चालवणं ठरतं. अमेरिकेतल्या मुलाला 'आपल्या लाइनीवरून फुकट बोल' म्हणून अशी वाट उघडून देऊ नका. त्याने सरळ तुमच्या सिप नंबरावर फोन करावा.

रात्री तीनला वाजणारा फोन

रात्री फोन वाजतो, उचलला तर कुणी नसतं, डिस्प्लेवर १०० किंवा १००१ असा विचित्र नंबर. हे भूत नव्हे, इंटरनेटवर ५०६० हा सिपचा नेहमीचा पोर्ट कुठे उघडा आहे ते शोधत फिरणारे प्रोग्राम. राउटरमध्ये हा पोर्ट अडॅप्टरकडे वळवला असेल तर ती नोंद काढून टाका, घरच्या अडॅप्टरला तिची गरजच नसते. अडॅप्टरमध्ये 'फक्त सर्व्हरकडूनच आलेले कॉल घ्या' हा पर्याय चालू करा आणि स्थानिक पोर्ट ५०६० ऐवजी दुसरा कुठलातरी पाच अंकी ठेवा.

वीज

तांब्याचा फोन एक्स्चेंजच्या बॅटरीवर चालायचा. फायबरचा फोन घरच्या विजेवर चालतो, म्हणून बारा व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या. हिशेब असा: ओएनटी आणि अडॅप्टर मिळून साधारण १० वॉट. ८८०० एमएएच, ३.७ व्होल्टची बॅटरी म्हणजे सुमारे ३२ वॉट-तास, तूट धरून अडीच तासांच्या आसपास. घेण्याआधी ओएनटी आणि अडॅप्टरच्या मूळ चार्जरवरचे व्होल्ट वाचा. सगळे अडॅप्टर १२ व्होल्टचे नसतात, काही ५ व्होल्टचे असतात, आणि चुकीची पिन बसली म्हणून व्होल्ट बरोबर आहेत असं नसतं. इमारतीत केबलवाल्याचा स्विच जिन्यात वेगळ्या विजेवर असेल तर त्याला बॅकअप आहे का तेही विचारून ठेवा, नाहीतर तुमचा यूपीएस चालू आणि इंटरनेट बंद अशी गत होते.

सगळं चालू झालं की प्रत्येक फोनवरून एक कॉल बाहेर, एक आत, एक बँकेच्या बटणांचा आणि एक पाच मिनिटांचा करून पाहा. मग पहिल्या रोझेटच्या झाकणाच्या आत कागदाची पट्टी चिकटवा: 'बाहेरची जोडी तोडली आहे. जोडू नये. आत अडॅप्टरचा टोन आहे.' खाली तारीख घाला. दोन वर्षांनी रंगकामाला आलेला मिस्त्री किंवा दुसऱ्याच कुणाची तक्रार बघायला आलेला लाइनमन मोकळ्या तारा पाहून चांगल्या हेतूनेच त्या परत स्क्रूखाली घालतो.